भूनकाशांचे कॅड रूपांतर

जीआयएसमधील (भौगोलिक माहिती प्रणालीतील) नकाशाची माहिती स्क्रिप्टच्या, म्हणजे छोट्या आज्ञावलीच्या, साहाय्याने ऑटोकॅडसारख्या कॅड म्हणजे संगणकीय आरेखन-प्रणालीत उघडेल अशा स्वरूपात आणण्याच्या प्रक्रियेस भूनकाशाचे कॅड रूपांतर म्हणतात. मूळ माहिती बहुधा शेपफाइल किंवा जिओजेसन या जीआयएस फाइल-स्वरूपांत असते आणि उतारा डीएक्सएफ या कॅड फाइल-स्वरूपात काढतात. ऑटोडेस्कने १९८२ मध्ये ऑटोकॅडबरोबर आणलेल्या या स्वरूपाची मजकुरी फाइल साध्या एडिटरमध्ये उघडून वाचता येते, म्हणून स्क्रिप्ट लिहिणारे ऑटोकॅडच्या मूळ डीडब्ल्यूजी स्वरूपापेक्षा तिलाच पसंती देतात.

जीआयएसमध्ये भूखंड म्हणजे एक आकृती आणि तिला जोडलेली तक्त्यातील ओळ. कॅडमध्ये तोच भूखंड आरेखनाच्या एखाद्या लेयरवरची (थरावरची) बंद रेषा होऊन बसतो. ओजीआर-टू-ओजीआर या प्रचलित रूपांतर-साधनाने सरळ उतारा काढला, तर तक्त्यातील बहुतेक रकाने गळून पडतात. मुंबईच्या उपनगरांत मिळकत सि.टी.एस. या भूमापन क्रमांकाने आणि शहर भागात सी.एस. क्रमांकाने ओळखली जात असल्यामुळे, हा क्रमांक गळाला की वास्तुविशारदाच्या हाती निव्वळ निनावी चौकटी उरतात. त्यावर उपाय म्हणून पायथन या संगणकभाषेच्या ईझीडीएक्सएफ लायब्ररीने प्रत्येक भूखंडात त्याचा क्रमांक मजकूर म्हणून लिहून घेतात. येथे गणिती मध्यबिंदूवर विसंबू नये: काटकोनात वळलेल्या भूखंडाचा मध्यबिंदू हद्दीबाहेर पडू शकतो आणि क्रमांक शेजाऱ्याच्या जागेत उमटतो. आकृतीच्या आत हमखास पडणारा बिंदू काढणे हाच सुरक्षित मार्ग होय.

खरी मेख सहनिर्देशकांत असते. पृथ्वी गोल आहे हे कॅडच्या आरेखनाला ठाऊक नसते. अक्षांश-रेखांश तसेच उतरवले, तर अख्खी मुंबई अर्ध्या एककात मावते आणि शिवाय पूर्व-पश्चिम दिशेने ताणलेली दिसते, कारण १९ अंश अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०५ किमी, तर अक्षांशाचा सुमारे १११ किमी भरतो. म्हणून माहिती आधी यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या सपाट नकाशा-प्रक्षेपणाच्या ४३ उत्तर विभागात, म्हणजे ईपीएसजी या सहनिर्देशक-प्रणालींच्या यादीतील क्रमांक ३२६४३ मध्ये, प्रक्षेपित करतात. मुंबई या विभागाच्या ७५ अंशांच्या मध्य रेखावृत्तापासून सव्वादोनशे किमी पश्चिमेस असल्याने जमिनीवरचा एक किलोमीटर आरेखनात सुमारे २३ सेंमी जास्त भरतो. सोसायटीच्या भूखंडाला ही चूक नगण्य असली, तरी लांब मार्गिकेच्या आखणीत ती हिशेबात धरावीच लागते. फाइलीचे एकक मीटर असल्याची नोंदही स्क्रिप्टनेच करावी, अन्यथा मिलिमीटरमध्ये काम करणाऱ्याच्या आरेखनात जोडताना नकाशा हजारपट लहान उतरतो.

देवनागरी नावांसाठी युनिकोड अक्षरे असलेला ट्रूटाइप फॉन्ट नेमावा लागतो, कारण कॅडच्या जुन्या एसएचएक्स फॉन्टांत ती अक्षरे नसतात आणि ‘माहीम’च्या जागी प्रश्नचिन्हे येतात. उंचीच्या बाबतीत मुंबईची आणखी एक खासियत आहे. शहरातील अनेक पातळ्या सरासरी समुद्रसपाटीऐवजी टाउन हॉल डेटम या स्थानिक आधारपातळीवरून मोजलेल्या असतात, त्यामुळे समोच्च (समान उंची दाखवणाऱ्या) रेषा उतरवण्यापूर्वी त्यांचा आधार तपासून तो लेयरच्या नावातच लिहून ठेवणे इष्ट ठरते.