एक ऑक्सिजन गाळला आणि डीएनए वाचता आला

एखाद्या शास्त्रज्ञाची बातमी छापून आली की तिच्यात आकडे हमखास असतात: इतके शोधनिबंध, इतके संदर्भ, इतका एच-इंडेक्स (निबंध आणि संदर्भ यांवरून काढलेला गुणांक). मग वाचणाऱ्याचाही समज होतो की ज्याचे निबंध जास्त, तो मोठा. फ्रेडरिक सँगर यांना हे माप लावून पाहावं. केंब्रिजमध्ये चाळीस वर्षं काम केलेल्या या माणसाने तसं मोजकंच लिहिलं. तरी रसायनशास्त्राचं नोबेल दोनदा, १९५८ आणि १९८० साली, आणि आज जगातली बहुतेक प्रत्येक जनुकशास्त्राची प्रयोगशाळा त्यांचं नाव एका कामाला, डीएनएमधली अक्षरं क्रमाने वाचण्याच्या कामाला, देते: 'सँगरला पाठव'.

पहिलं नोबेल इन्सुलिनसाठी मिळालं. प्रथिनांमध्ये अमिनो आम्लांचा ठरलेला क्रम असतो की नुसती सरमिसळ असते, यावर तेव्हा एकमत नव्हतं. सँगर यांनी साखळीच्या टोकाच्या अमिनो गटाला घट्ट चिकटणारं एक पिवळं रसायन वापरलं. मग आम्लात प्रथिन तोडलं, तरी टोकाचं अमिनो आम्ल पिवळंच राहायचं आणि कागदावर वेगळं ओळखू यायचं. इन्सुलिनमध्ये अशी दोन वेगळी टोकं सापडली, ग्लायसीन आणि फेनिलअ‍ॅलानीन, म्हणजे साखळ्या दोन. एक २१ अमिनो आम्लांची, दुसरी ३० ची. पुढे तुकडे पाडून, एकमेकांवर येणारे भाग जुळवून, १९५५ पर्यंत पूर्ण ५१ चा क्रम लागला.

डीएनएला मात्र ही युक्ती चालेना. प्रथिनात वीस प्रकारचे मणी असतात, त्यामुळे छोटा तुकडाही कुठला ते ओळखता येतं. डीएनएत चारच अक्षरं, ए, सी, जी, टी, आणि लांबी हजारोंनी. तुकडे पाडले तर सगळे सारखेच दिसतात. सँगर यांनी मग तोडण्याचा नाद सोडला आणि डीएनएची नक्कल करवून घेऊन ती मध्येच थांबवायची असं ठरवलं. डिसेंबर १९७७ मध्ये निकलेन आणि कूलसन यांच्याबरोबर त्यांनी प्रसिद्ध केलेली पद्धत ती हीच.

नक्कल करणारं एन्झाइम म्हणजे पॉलिमरेज. त्याला वाचायची एकेरी साखळी द्यायची, सुरुवात कुठून करायची ते दाखवणारा छोटा प्रायमर द्यायचा आणि चार न्यूक्लिओटाइडं, म्हणजे चार अक्षरांचे सुटे मणी, द्यायची. प्रत्येक न्यूक्लिओटाइडच्या साखरेवर तिसऱ्या कार्बनला एक ओएच गट असतो. पुढचं न्यूक्लिओटाइड याच ओएचला जोडलं जातं. आता तिसऱ्या कार्बनवरचा तो ऑक्सिजनच काढून टाका. असं न्यूक्लिओटाइड साखळीत नेहमीसारखं शिरतं, पण त्याच्यापुढे जोडायला जागाच उरत नाही आणि साखळी तिथेच संपते. डीएनएसारख्याच आरएनए या रेणूच्या साखरेपेक्षा डीएनएच्या साखरेत एक ऑक्सिजन कमी, म्हणून ती 'डीऑक्सी'. इथे दोन कमी, म्हणून 'डायडीऑक्सी'.

चार नळ्या घ्यायच्या. चारही नळ्यांत सगळी नेहमीची न्यूक्लिओटाइडं, आणि प्रत्येकीत एकाच अक्षराचं डायडीऑक्सी. समजा नवी साखळी जी-टी-टी-जी-जी-टी-ए अशी बनणार आहे. टी-नळीत लाखो नकला चालू असतात. काही दुसऱ्या अक्षराशी थांबतात, काही तिसऱ्याशी, काही सहाव्याशी. जी-नळीत पहिल्या, चौथ्या आणि पाचव्याशी. ए-नळीत सातव्याशी. सी-नळीत या टप्प्यात काहीच थांबत नाही. चारही नळ्यांतला माल शेजारीशेजारी जेलवर, म्हणजे गाळणीसारख्या लिबलिबीत थरावर, चढवून वीज लावली की लहान तुकडे पुढे पळतात, मोठे मागे राहतात. तुकडे किरणोत्सारी असल्याने त्यांची छाप एक्स-रे फिल्मवर उमटते; ती फिल्म धुतली की खालून वर नुसतं वाचत जायचं.

सगळी मेख प्रमाणात आहे. डायडीऑक्सी फार झालं तर सगळ्या साखळ्या सुरुवातीलाच खुंटतात आणि जेलचा वरचा भाग कोरा राहतो. कमी पडलं तर साखळ्या न थांबता लांबवर जातात आणि खालच्या पट्ट्या दिसेनाशा होतात. मूळ निबंधात डायडीऑक्सीचं प्रमाण नेहमीच्या न्यूक्लिओटाइडच्या सुमारे १०० पट आहे. इतकं का लागावं? त्यांनी वापरलेल्या जीवाणूच्या पॉलिमरेजला हे अर्धवट न्यूक्लिओटाइड आवडत नाही, त्याच्या जागेत ते नीट बसत नाही.

दुसरी अडचण किरणोत्सारी ए ची. पट्ट्या दिसाव्यात म्हणून फॉस्फरस-३२ लावलेला ए वापरायचा, आणि तो अगदी थोडा असायचा. तो संपत आला की एन्झाइम प्रत्येक ए पाशी अडखळायचं आणि चारही रांगांत एकाच उंचीवर पट्टी उमटायची. यावरचा इलाज सोपा होता. १५ मिनिटांनी साधा ए भरपूर घालायचा आणि आणखी १५ मिनिटं थांबायचं. अडलेल्या साखळ्या पुढे सरकतात, खऱ्या थांबलेल्या तिथेच राहतात.

जेलमध्ये युरिया भरपूर घालतात आणि जेल गरम चालवतात, कारण एकेरी डीएनए स्वतःवरच दुमडला की त्याचा वेग बदलतो. जी आणि सी ची गर्दी असली तर एवढ्यानेही भागत नाही. हेअरपिनसारखा वाकलेला तुकडा जास्त वेगाने पळतो, दोन-तीन पट्ट्या एकमेकींवर चढतात आणि एखादं अक्षर वाचनातून गळतं. म्हणून दुसऱ्या साखळीवरून उलट वाचून पडताळा घ्यावाच लागतो. सुरुवातीला एका प्रायमरपासून १५ ते २०० अक्षरं भरवशाने वाचता येत, फार तर ३०० पर्यंत.

एन्झाइमची ती नावड १९९५ साली टेबर आणि रिचर्डसन यांनी सोडवली, आणि ती हकीकत मूळ शोधाइतकीच देखणी आहे. उष्णता सोसणाऱ्या टॅक पॉलिमरेजमध्ये ६६७ व्या जागी फेनिलअ‍ॅलानीन असतं. तिथे त्यांनी टायरोसीन बसवलं. या दोघांत फरक फक्त एका ओएचचा. न्यूक्लिओटाइडमधून आपण जो ओएच काढून घेतला, त्याची भरपाई एन्झाइमच्या बाजूने झाली! भेदभाव शेकडो ते हजारो पटींनी घटला आणि चिमूटभर डायडीऑक्सीत काम भागू लागलं. त्याआधीच, १९८६ मध्ये, लेरॉय हूड यांच्या प्रयोगशाळेने किरणोत्साराऐवजी चार अक्षरांना चार रंग आणले होते. चार नळ्यांचं काम एका नळीत आलं. पुढे जेलची जागा केसासारख्या बारीक नळीने घेतली. मानवी जनुकसंचाचा पहिला आराखडा याच यंत्रांवर वाचला गेला आणि त्यातला सुमारे तिसरा हिस्सा इंग्लंडमधल्या हिंक्स्टनच्या, सँगर यांच्याच नावाच्या केंद्रात. सँगर स्वतः १९८३ मध्येच निवृत्त होऊन बागकामात रमले होते.

'नेचर'ने २०१४ मध्ये सर्वाधिक संदर्भ दिल्या गेलेल्या निबंधांची यादी केली, तेव्हा १९७७ चा हा निबंध चौथा होता, ६५ हजारांहून जास्त संदर्भांसह. हा आकडाही तोकडाच आहे. आज 'सँगर पद्धतीने क्रम तपासला' एवढंच लिहितात, मूळ निबंधाचा उल्लेख सहसा कोणी करत नाही, जसं पायथागोरसचं प्रमेय वापरताना कोणी ग्रंथ सांगत नाही.

सध्या 'डीएनए जागृती'ची शिबिरं भरतात. ध्यानाने डीएनएचे झोपलेले बारा धागे जागे होतात, असं तिथे सांगतात. डीएनएला धागे दोन. शिबिराच्या आधी आणि नंतर रक्ताचा थेंब घेऊन कुठलंही जनुक वाचून घ्या, अक्षरं तीच येतील. ही तपासणी जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळेत होते, आणि ती न करता शिबिराचे पैसे घेणं ही फसवणूक आहे.

वर उदाहरणाला घेतलेली अक्षरं उगाच घेतलेली नाहीत. हिमोग्लोबिनचा एक घटक बनवणाऱ्या मानवी बीटा-ग्लोबिन जनुकातला पहिला इन्ट्रॉन (जनुकाच्या आरएनए नकलेतून कापून टाकला जाणारा भाग) जी-टी-टी-जी-जी असाच सुरू होतो. भारतात बीटा थॅलेसेमियाचं, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराचं, सर्वांत जास्त आढळणारं कारण म्हणजे यातल्या पाचव्या जी चा सी होणं. एवढ्या बदलाने पेशीला आरएनए नेमका कुठे कापायचा ते कळेनासं होतं आणि हिमोग्लोबिनचं प्रथिन पुरेसं बनत नाही. हे जनुक जेमतेम १६०० अक्षरांचं असल्याने इथे महागडी नवी यंत्रं लागत नाहीत, सँगर पुरतं. रंग वाचणाऱ्या यंत्राच्या आलेखावर जी काळा, सी निळा. बदल नसलेल्या माणसात पाचव्या जागी एकच उंच काळं शिखर येतं. दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर एकच निळं. आणि वाहक (एकच प्रत बदललेल्या) असलेल्या आईच्या किंवा बापाच्या आलेखात त्याच जागी काळं आणि निळं अशी दोन शिखरं एकमेकांवर बसलेली दिसतात, दोन्ही साधारण निम्म्या उंचीची. दुसऱ्या साखळीवरून उलट वाचलं की तिथेच जी च्या जोडीचा सी आणि सी च्या जोडीचा जी दिसायला हवा. तो दिसला की मगच अहवालावर सही होते.