इंदूर वनमंडलाची देखरेख तपासायची असेल, तर अर्ज कसा करावा
चोरल किंवा मानपूर भागातील जंगलावर वनखाते कितपत लक्ष ठेवते, हे नागरिकाला माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली तपासता येते. अर्ज वनमंडलाधिकारी कार्यालयाच्या लोक सूचना अधिकाऱ्याकडे, संस्थेच्या नव्हे तर स्वतःच्या नावाने करावा. फी १० रुपये असून दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास पुराव्यानिशी माफ आहे. अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत हवा असल्याने आपल्या मंडळींनी इंदुरात मराठीचा आग्रह धरू नये.

‘येथील वनव्यवस्थापन शाश्वत आहे का?’ असे विचारले की ‘अभिलेखात उपलब्ध नाही’ असे ठरीव उत्तर येते. ते चीड आणणारे असले तरी कायद्याला धरून असते, कारण अधिकाऱ्याने स्वतःचे मत द्यावे, अशी सक्ती नाही. म्हणून नोंदीच मागाव्यात: कार्य आयोजनेत (वनमंडलाच्या कामांचा दीर्घ मुदतीचा आराखडा) त्या कक्षासाठी (जंगलाचा क्रमांक दिलेला तुकडा) ठरवलेली कामे, कक्षाचा इतिहास, बीट (वनरक्षकाकडे सोपवलेला भाग) निरीक्षणाचे अहवाल आणि लागवडीतील किती रोपे जगली याची मोजणी. ठरवलेले काम आणि नोंदलेले काम शेजारी ठेवल्यावर तफावत दिसते. भारतीय वन सर्वेक्षणाच्या वनाच्छादनाच्या आकड्यांवर विसंबू नये. त्यांत किमान १० टक्के छत्र (झाडांच्या शेंड्यांनी झाकलेली जमीन) असलेली हेक्टरभर खासगी बागही मोजली जाते.

खरी अडचण कक्ष क्रमांकाची आहे. तो सामान्य माणसाकडे नसतो, आणि यादी स्वतःच्याच कपाटात असूनही ‘कोणता कक्ष ते स्पष्ट करा’ असे लिहून कार्यालय मोकळे होऊ शकते. त्यामुळे पहिल्या अर्जात केवळ कक्षांची यादी व नकाशा मागावा आणि निवडक कक्षांसाठी दुसरा अर्ज करावा.

मुदतीचा घोळ तर नेहमीचाच. उत्तरासाठी ३० दिवस असतात, मात्र नकलांच्या शुल्काचे पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस त्यांत धरत नाहीत. उत्तर आलेच नाही तर तो नकार समजून पुढील ३० दिवसांत ५० रुपये फी भरून प्रथम अपील करावे. स्मरणपत्रे पाठवत बसणाऱ्यांची हीच मुदत हातची जाते. द्वितीय अपील ९० दिवसांत भोपाळच्या राज्य माहिती आयोगाकडे, १०० रुपये फी भरून होते. उशिरा दिलेल्या माहितीचे शुल्क मागितल्यास कलम ७(६) दाखवावे. त्यानुसार ती विनामूल्य द्यावी लागते.