बडोद्याची चित्रसहल : निघण्याआधी एवढं वाचा

आमच्या बडोदा सहलीसाठी नाव नोंदवल्याबद्दल आभार. हे पत्रक गाडीत बसल्या-बसल्या वाचून होईल. पण वाचाच, कारण तिथे पोहोचल्यावर मंडळी राजवाडा बघून इतकी हरखतात की ज्यासाठी आलो ती चित्रं घाईघाईत उरकली जातात.

आमचा क्रम म्हणून उलटा आहे. सकाळी ताज्या डोळ्यांनी आधी महाराजा फतेहसिंह संग्रहालय, लक्ष्मी विलास राजवाडा त्यानंतर. संग्रहालय राजवाड्याच्याच आवारात आहे. ही इमारत मुळात राजघराण्यातल्या मुलांची शाळा. 1961 साली इथे संग्रहालय सुरू झालं. दालनं बेताची आहेत, त्यामुळे चित्राच्या अगदी जवळ जाता येतं. प्रचंड दरबारी दालनात हे सुख मिळत नाही.

इथे मुख्य पाहायचा तो राजा रविवर्मा. त्यांना इथे काम दिलं ते बडोद्याचे महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी. सयाजीराव मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. 1875 मध्ये ते बडोद्याच्या गादीवर दत्तक आले आणि 1881 च्या अखेरीस त्यांच्या हाती पूर्ण कारभार आला. त्याच सुमारास रविवर्मा बडोद्यात आले. बडोद्याचे दिवाण टी. माधवराव आधी त्रावणकोरला, म्हणजे रविवर्मांच्याच संस्थानात, दिवाण होते, त्यामुळे या चित्रकाराची त्यांना चांगली माहिती होती. (माधवराव तंजावरच्या मराठी घराण्यातले, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.) पुढे 1888 मध्ये महाराजांनी राजवाड्यासाठी रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चौदा चित्रं त्यांच्याकडून करवून घेतली. शंतनू आणि गंगा, विश्वामित्र-मेनका, कंसमाया, नल-दमयंती हे विषय तुमच्या ओळखीचे असतील. चित्रंही ओळखीची वाटतील, कारण रविवर्मांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. आपल्या आजोळच्या भिंतीवरची लक्ष्मी-सरस्वती तिथून घरोघर गेली.

म्हणूनच मूळ चित्रासमोर थोडं थांबा. तेव्हाची छपाई दगडावर चित्र उतरवून व्हायची आणि प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागायचा, त्यामुळे छटा मोजक्याच. मूळ तैलचित्रात जरीचा काठ, मोत्यांवरचा उजेड, गालावरची सावली अशी सावकाश उतरते की छापात ती येणं शक्यच नव्हतं. काचेवर किंवा रंगाच्या चकाकीवर दिवा पडून काही दिसेनासं झालं, तर एक पाऊल बाजूला सरका. सगळी दालनं बघितलीच पाहिजेत असं नाही. पाच चित्रं नीट पाहिलीत तरी पैसे वसूल, असं आमचं स्पष्ट मत आहे. मुलं कंटाळली तर त्यांना राजवाड्यातल्या छोट्या रेल्वेची गोष्ट सांगा, राजपुत्रांसाठी आवारात ती धावत असे.

राजवाडा 1890 चा. आराखडा चार्ल्स मँटचा. त्याच्या मृत्यूनंतर रॉबर्ट चिझमने काम पुरं केलं. दरबार हॉलमधल्या रंगीत काचा आणि जमिनीवरची मोझेक पाहा, बाकी तुम्हाला तिथे ऐकायला मिळेलच. राजवाड्याचं तिकीट वेगळं, ते आमच्या खर्चात धरलेलं आहे.

दुपारी जेवणानंतर सयाजीबाग. बडोदेकरांसाठी ती अजून कमाटी बागच. तिथलं सरकारी संग्रहालय 1894 चं. शेजारची चित्रशाळा बांधून झाली 1914 मध्ये, पण महायुद्धामुळे युरोपात घेतलेली चित्रं तिकडेच अडकली आणि दालन उघडायला 1921 उजाडलं. इजिप्तची ममी आणि देवमाशाचा सांगाडा यांच्याभोवती गर्दी असते. आमचा आग्रह मात्र बडोद्यातल्याच अकोटा भागात सापडलेल्या जैन कांस्यमूर्तींसाठी. आकाराने लहान आहेत, शोधून पाहाव्या लागतात.

वेळ उरला तर रावपुऱ्यातला तांबेकर वाडा. भाऊ तांबेकर 1849 ते 1854 बडोद्याचे दिवाण होते. या लाकडी वाड्याच्या वरच्या मजल्यांवर भिंतभर चित्रं आहेत : कृष्णलीला, महाभारत, इंग्रज-मराठे लढाया. रंग बरेच उडाले आहेत, तरी आम्हाला ही जागा राजवाड्याइतकीच प्रिय आहे. मराठी पगड्या आणि लुगडी गुजरातेत भिंतीवर बघताना वेगळीच गंमत येते. जिने अरुंद आणि चढे आहेत. गुडघे दुखत असतील तर आमचा माणूस तुमच्यासोबत खाली थांबेल. कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकात, चित्रकार नंदलाल बोस यांनी काढलेली भित्तिचित्रं आहेत, पण आत जाता येईल की नाही ते आम्ही आदल्या दिवशी विचारून ठेवतो. आधी शब्द देत नाही.

आता काही रोकड्या गोष्टी. सोमवारी राजवाडा आणि फतेहसिंह संग्रहालय बंद असतात, म्हणून आमची सहल सोमवारी नसते. आत फोटो काढू देत नाहीत, तेव्हा मोबाइल खिशातच ठेवा आणि रखवालदाराशी वाद घालू नका. जवळचा चष्मा विसरू नका, चित्राखालच्या पाट्यांची अक्षरं बारीक असतात. पायात सवयीच्या चपला असाव्यात. गट वीस जणांपेक्षा मोठा नेत नाही. पथ्याचं किंवा उपासाचं जेवण हवं असल्यास निघण्याच्या दोन दिवस आधी कळवा, ऐनवेळी फक्त शेव-उसळ मिळेल.