‘येल’चे ते ३ टक्के आणि घरचे गाणे

घरी गाणी रचून ध्वनिमुद्रित करू पाहणाऱ्यांना हमखास ऐकवली जाणारी गोष्ट अशी की, येल विद्यापीठाच्या १९५३ च्या तुकडीतील ज्या ३ टक्के विद्यार्थ्यांनी आपली ध्येये लिहून ठेवली होती, त्यांची संपत्ती २० वर्षांनी उरलेल्या ९७ टक्क्यांच्या एकत्रित संपत्तीहून अधिक भरली. असा अभ्यास कधी झालाच नाही. खुद्द येलमध्ये शोध घेऊनही त्याचा मागमूस लागलेला नाही. (गाण्याचे यश संपत्तीत मोजायचे, हेही अजबच.)

एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांचे ध्येय ठरवण्याविषयीचे संशोधन मात्र खरे आहे. नेमके आणि थोडे कठीण ध्येय ‘जमेल तेवढे करू’ या मोघमपणापेक्षा सरस ठरते. पण काम नवे आणि गुंतागुंतीचे असेल, तर निकालाऐवजी शिकण्याचे ध्येय अधिक उपयोगी पडते. म्हणूनच पहिल्यांदा मायक्रोफोनसमोर बसणाऱ्याने वहीत ‘वर्षअखेर अल्बम’ असे लिहिण्यापेक्षा ‘या आठवड्यात एकच कडवे, मायक्रोफोन आधी वीतभर आणि मग हातभर अंतरावर ठेवून, दोनदा मुद्रित करायचे आणि काय बदलले ते टिपायचे’ असे लिहावे. जवळून आवाज भरदार येतो, लांबून त्यात खोलीचा घुमारा मिसळतो, हे त्याला स्वतःच्या कानांनी कळेल.