कारचं ऑइल बाइकला चालतं का?

"ऑइल सगळं सारखंच, कारचं उरलेलं बाइकला ओत," हे रत्नागिरीत वर्षानुवर्षं ऐकतोय. नाही हो, चालत नाही! गिअरच्या कारचा क्लच सहसा कोरडा. आपल्या बहुतेक बाइकचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. त्यांनी क्लचप्लेट घसरायला लागल्या की आंबा घाटाच्या चढावर इंजिन नुसतं ओरडतं, गाडी पुढे सरकत नाही. माझी नवीकोरी गाडी तशी अडली तेव्हा पोटात गोळा आला होता. ऑइलच्या डब्याच्या मागे बारीक अक्षरांत 'जासो एमए' (JASO MA) किंवा 'एमए २' (MA2) शोधा, ही ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण. ग्रेड, म्हणजे ऑइलचा दाटपणा, मॅन्युअलमधलीच घ्या. आणि काढलेलं ऑइल परसात माडाच्या मुळाशी ओतू नका. विहीर तिथेच असते.