सरकारी 1911 पिस्तूल मागवण्याआधी
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

महिन्याला दोन-तीन जण तरी आमच्या बंदुकांच्या दुकानात काउंटरवर येऊन विचारतात, "सरकार लष्कराची जुनी पिस्तुलं विकतंय म्हणे. एक मिळवून द्याल का?" मिळवून देणं आमच्या हातात नाही. तुमच्या नावाने आलेलं पिस्तूल कायद्याने तुमच्या ताब्यात देणं, एवढंच आमचं काम. बाकीचं समजावून सांगता सांगता अर्धा तास जातो आणि मागे रांग खोळंबते, म्हणून हे पत्रक काढलंय. मराठीत अशासाठी, की इथे ओहायोत आमच्याकडे येणाऱ्या मराठी मंडळींच्या अडचणी जरा वेगळ्या असतात.

विकतं कोण?

सरकार थेट विकत नाही. विकते ती सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम, म्हणजे सीएमपी ही संस्था. नागरिकांना नेमबाजी शिकवण्याचा हा उपक्रम 1903 पासूनचा. 1996 मध्ये काँग्रेसने (पक्ष नव्हे, इथली संसद) तो लष्कराकडून काढून ना-नफा संस्थेकडे सोपवला. तिचं एक ठाणं आपल्याच राज्यात, ईरी सरोवराकाठी कॅम्प पेरीला आहे. दुसरं अलाबामातल्या अ‍ॅनिस्टनला. "मग गाडी काढून कॅम्प पेरीलाच जाऊ का?" असं विचारू नका. मागणीच्या पहिल्या, म्हणजे 2018 च्या फेरीत पिस्तुलाची मागणी टपालानेच करायची होती.

लष्कराने 1911 साली स्वीकारलेलं हे .45 चं पिस्तूल 1985 मध्ये बेरेटा एम9 आल्यावर मागे पडलं आणि साधारण लाखभर नग अ‍ॅनिस्टनच्या लष्करी गोदामात पडून राहिले. ते सीएमपीला देण्याची वाट नोव्हेंबर 2015 च्या संरक्षण कायद्याने मोकळी केली, पण गाडी प्रत्यक्षात हलली ती डिसेंबर 2017 च्या कायद्यानंतर. वर्षाला 8,000 ते 10,000 नग, अशी त्यात मर्यादा घातली होती. 1960 च्या दशकात हीच पिस्तुलं नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकधारकांच्या संघटनेच्या सभासदांना 17 डॉलरला मिळत. ती गोष्ट आमच्या प्रत्येक वयस्कर अमेरिकन ग्राहकाला तोंडपाठ आहे. तो भाव आता विसरा. "थेट लष्कराकडून, 200 डॉलरमध्ये" अशी जाहिरात दिसली तर पैसे भरण्याआधी आम्हाला दाखवा.

कोणाला मिळतं?

अमेरिकन नागरिकालाच. इथे आपली बरीच मंडळी अडकतात. ग्रीन कार्डवाल्याला एरवी आमच्या दुकानातून पिस्तूल घेता येतं, त्यामुळे इथेही चालेल असं त्याला वाटतं. सीएमपीकडे चालत नाही. नागरिकत्वाचा पुरावा लागतो. एच-1बी वर असाल तर मुळात कोणतीही बंदूक घ्यायला केंद्रीय कायद्याची आडकाठी आहे. अपवाद मोजके आहेत आणि ते आमच्याकडून नव्हे, वकिलाकडून समजून घ्या.

वय 21 पूर्ण हवं. सीएमपीशी संलग्न एखाद्या क्लबचं सभासदत्व हवं आणि नेमबाजी किंवा शस्त्रसुरक्षेचं काहीतरी केल्याचा पुरावा हवा. एखाद्या शनिवारचा रेंजवरचा कोर्स त्याला पुरू शकतो. साठी ओलांडलेल्यांना हा पुरावा माफ आहे, सभासदत्व मात्र नाही.

नवऱ्याची मागणी एकदा गेली म्हणून बायकोच्या नावाने दुसरी पाठवायची, पैसे आपणच भरायचे आणि वस्तूही आपणच ठेवायची, ही युक्ती दर फेरीला कुणीतरी हळू आवाजात विचारतं. ती युक्ती नाही, गुन्हा आहे. "खरे खरेदीदार तुम्हीच का?" हा प्रश्न बंदूक घेताना आमच्याकडे भरायच्या 4473 या सरकारी फॉर्मवर छापलेला आहे आणि त्याचं खोटं उत्तर म्हणजे तुरुंग. शंका आली की आम्ही व्यवहार थांबवतो, मग ओळख कितीही जुनी असो.

पाकीट आणि नंबर

पहिली फेरी 4 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर 2018 अशी महिनाभर चालली. मागणीअर्जांची पाकिटं आली 19,000 च्या आसपास. आधी येईल त्याला आधी, असं नव्हतं. संगणकाने प्रत्येक पाकिटाला सोडतीसारखा नंबर लावला. त्यामुळे पहिल्याच दिवशी पोस्टात धावलेला माणूस 18,000 च्या पुढे गेला आणि शेवटच्या दिवशी पाकीट टाकणारा पहिल्या हजारात आला, असंही होऊ शकत होतं. फेरीच्या तारखा, किमती आणि अटी बदलत राहतात, तेव्हा त्या-त्या वेळचा छापील फॉर्मच प्रमाण माना, हे पत्रक नव्हे.

पाकिटात आमच्या शस्त्रविक्रीच्या लायसन्सची सही केलेली प्रत लागते. ती फुकट देतो, पण फेरीच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी मागायला येऊ नका. काहींकडे जुन्या शस्त्रांच्या संग्राहकाचं, म्हणजे क्युरिओ अँड रेलिकचं लायसन्स असतं आणि पार्सल थेट घरी येईल अशी त्यांची समजूत असते. या पिस्तुलांसाठी सीएमपी ते लायसन्स धरत नाही. पार्सल दुकानदाराकडेच येणार.

नंबर लागला की फोन येतो आणि त्या वेळी कोणत्या दर्जाची पिस्तुलं शिल्लक आहेत ते सांगतात. 2018 चे भाव असे होते : रॅक 850 डॉलर, फील्ड 950, सर्व्हिस 1,050. सर्व्हिस म्हणजे चांगलं ते उत्तम चालणारं. किरकोळ झीज आणि गंजाच्या बारीक खळ्या असू शकतात, पण दस्त्याच्या पट्ट्या शाबूत. फील्डला झीज थोडी जास्त. रॅकमध्ये पट्ट्यांना तडा असू शकतो आणि थोडी दुरुस्ती लागू शकते, पण पिस्तूल चालतं. आमचं वैयक्तिक मत विचाराल तर फील्ड घ्या. नुसतं कपाटात ठेवायचं असेल तर रॅकही वाईट नाही. उलट त्या खळ्यांमध्येच काय ती कहाणी असते.

कोणतं येईल?

सांगता येत नाही, आणि हीच गोष्ट नीट समजून घ्या. कंपनी निवडायची सोय नाही. दुसऱ्या महायुद्धात ही पिस्तुलं कोल्टबरोबरच टाइपरायटरवाल्या रेमिंग्टन रँडने, इथाका गन कंपनीने आणि रेल्वेचे सिग्नल बनवणाऱ्या युनियन स्विच अँड सिग्नलने केली. सर्वांत जास्त केली रेमिंग्टन रँडने. आणि हो, आजीच्या शिवणयंत्रावर जिचं नाव सोनेरी अक्षरात होतं त्या सिंगरनेही केली, पण फक्त 500. "सिंगरचं आलं तर?" असं डोळे मिटून म्हणणारे ग्राहक आम्हाला आवडतात, पण तसली दुर्मीळ चीज हाती लागली तर सीएमपी ती लिलावात काढते, साध्या पार्सलात घालत नाही.

शिवाय यातली बहुतेक पिस्तुलं लष्करी कारखान्यांत एकदा तरी उघडून पुन्हा जुळवलेली आहेत. टेबलावर दहा पिस्तुलं सुटी करायची, भाग ट्रेमध्ये टाकायचे, झिजलेले फेकायचे आणि हाताला येईल ते जोडायचं, हा तिथला रिवाज. कोणता भाग कोणाचा, याची त्या कारागिराला पर्वा नव्हती. पिस्तूल चाललं पाहिजे, बस. गेल्या खेपेला काउंटरवर उघडलेलं एक नमुन्यादाखल सांगतो. स्लाइडवर, म्हणजे वरच्या सरकणाऱ्या भागावर, कोल्टचं नाव. फ्रेमवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, चापाच्या वरच्या बाजूला 'युनायटेड स्टेट्स प्रॉपर्टी' आणि दुसऱ्या अंगाला एफजेए ही तीन अक्षरं. ही रेमिंग्टन रँड आणि इथाकाचा माल तपासणाऱ्या लष्करी अधिकाऱ्याची आद्याक्षरं. कोल्टच्या युद्धकाळातल्या बऱ्याच फ्रेमवर जीएचडी असतं. म्हणजे वरचा मजला एकाचा, तळमजला दुसऱ्याचा. फ्रेमवर एए असा छोटा ठसा होता, म्हणजे ऑगस्टा आर्सेनल या लष्करी शस्त्रागारातली दुरुस्ती. राखाडी-हिरवट पार्कराइज्ड (गंजरोधक) लेप स्लाइडवर गडद, फ्रेमवर फिका. दस्त्याची एक पट्टी तपकिरी, दुसरी जवळजवळ काळी. ग्राहकाचा चेहरा उतरला. "हे तर भेसळीचं निघालं," म्हणाले.

भेसळ नाही, नोकरीचा पुरावा आहे. कारखान्यातून निघालं तसंच्या तसं, सगळे भाग एकाच कंपनीचे असलेलं पिस्तूल हवं असेल तर खाजगी बाजारात तपासून घ्या आणि त्याची किंमत मोजा. सरकारी वाटेने येतं ते राबलेलं पिस्तूल. हे पटत नसेल तर पाकीट पाठवूच नका. पार्सल उघडल्यावर आमच्याशी भांडून उपयोग नाही.

काउंटरवर

बॅकग्राउंड चेक, म्हणजे तुमच्या नावावरच्या नोंदींची तपासणी, दोनदा होतो. एकदा सीएमपी करते आणि पिस्तूल देताना आम्ही पुन्हा करतो. पहिला पास झालात म्हणून दुसरा टळत नाही. आपल्या लोकांचं घोडं अडतं ते नावापाशी. पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, ड्रायव्हिंग लायसन्सवर नुसतं आद्याक्षर, नागरिकत्वाच्या दाखल्यावर लग्नाआधीचं आडनाव, असा गोंधळ असेल तर आधीच एकसारखं करून घ्या. नाव-आडनाव फारच प्रचलित असेल तर दुसऱ्याच कुणाच्या नोंदीमुळे 'डिलेड' असं उत्तर येऊ शकतं. त्याचा अर्थ नकार नव्हे. वारंवार तसं होत असेल तर एफबीआयकडून स्वतःचा ओळख क्रमांक मिळतो. त्याचा अर्ज भरायला मदत करू.

घरी नेल्यावर

सर्वांत महत्त्वाचं : पॉलिश करू नका. दिवाळीत समईला लावतो तशी चिंच लावायची नाही, तारेची घासणी नाही, नवा लेप नाही. जुना लेप गेला की संग्राहकाच्या लेखी निम्मं पिस्तूल गेलं. तेलाचा हलका हात फिरवा, पुरे.

झाडायचं असेल तर आधी रिकॉइल स्प्रिंग (स्लाइडचा झटका झेलणारी) बदला. ती स्वस्त असते आणि जुनी बसलेली स्प्रिंग फ्रेमला मार देते. काडतूस साधं, 230 ग्रेन वजनाच्या गोळीचं. जास्त दाबाचं, '+पी' लिहिलेलं नको. पहिल्यांदा रेंजवर नेण्याआधी आमच्या मिस्त्रीला दाखवून घ्या. तपासणीला पैसे नाहीत.

आणि पुण्याच्या काकांना दाखवायला हे भारतात न्यायचा विचार असेल तर तो इथेच सोडा. .45 चं रिमलेस (बुडाला बाहेर आलेली कड नसलेलं) काडतूस झाडणारं पिस्तूल तिकडे प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे नळीच्या मापाच्या बंदी असलेल्या वर्गात, मोडतं. पिस्तूल सोडाच, रेंजवर नेलेल्या बॅगेच्या कप्प्यात राहिलेलं एखादं काडतूसही मुंबई विमानतळावर शस्त्र कायद्याखाली गुन्हा ठरू शकतं. रेंजची बॅग आणि प्रवासाची बॅग वेगळी ठेवा. काकांना फोटो पाठवा.

आमचे दर

ट्रान्स्फर फी 35 डॉलर, त्यात बॅकग्राउंड चेकचा खर्च आला. पार्सल आल्याच्या दिवशीच फोन करतो. येताना चालू पत्त्याचं फोटो ओळखपत्र आणा. घर बदललं असेल तर आधी ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता बदला. पिस्तूल 30 दिवस विनाशुल्क सांभाळतो. शनिवारी दुपारी गर्दी असते. ठसे आणि अक्षरं सावकाश बघायची असतील तर आठवड्यात मधल्या दिवशी या, भिंग काउंटरवरच असतं.