विकृतिशास्त्राचे प्रात्यक्षिक (ग्रामीण विदर्भ)

विकृतिशास्त्राचे प्रात्यक्षिक : रोगाने शरीरात घडवलेले बदल डोळ्यांनी पाहायचे, हातांनी तपासायचे आणि वहीत उतरवायचे, असा एमबीबीएसच्या दुसऱ्या टप्प्यातला विद्यापीठीय अभ्यासक्रम. लघवी आणि रक्ताच्या तपासण्या, सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्ट्या, बरण्यांत जपलेले अवयव आणि रुग्णाच्या आकड्यांवरून निदान काढायला लावणारे ‘केस चार्ट’ हे त्याचे भाग. ‘विकृतिशास्त्र’ हा शब्द छापील. वर्गात तो कोणी उच्चारत नाही. विद्यार्थी ‘पॅथो’ म्हणतात आणि तालुक्याच्या गावी ‘पॅथॉलॉजी’ म्हणजे बसस्टँडजवळचे रक्त तपासायचे दुकान. त्यामुळे आर्वी-उमरखेडकडच्या घरांत पोरगी डॉक्टर होणार की लॅब टाकणार, हा प्रश्न वर्षभर तरी सुटत नाही.

विदर्भात वैद्यकीय शिक्षण बराच काळ नागपूरभोवती होते. तिथले शासकीय महाविद्यालय १९४७ चे. गावाच्या कुशीत महाविद्यालय उभे राहिले ते १९६९ मध्ये सेवाग्रामला, डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने. पुढे अमरावती (१९८४), यवतमाळ (१९८९), वर्ध्याजवळचे सावंगी (१९९०), अकोला (२००२), चंद्रपूर (२०१५) आणि गोंदिया (२०१६) अशी भर पडत गेली. सावंगीचे महाविद्यालय अभिमत विद्यापीठात मोडते. बाकीच्यांची परीक्षा नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते.

२०१९ मध्ये आलेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाने या विषयाला २३० तास दिले : ८० तास व्याख्याने, १३८ तास छोट्या गटांतले शिक्षण आणि १२ तास स्वाध्याय. प्रात्यक्षिकाला ८० टक्के हजेरी लागते. कागदावर आधी दाखवणे, मग पाहणे, मग हाताखाली मदत करणे आणि शेवटी स्वतः करणे अशी पायरी आखलेली आहे. बॅच मोठी आणि सूक्ष्मदर्शक मोजके असले की दुसऱ्या पायरीवर रेंगाळणारे बरेच असतात.

लघवीची तपासणी

सुरुवात बहुधा इथून होते. प्रत्येक टेबलावर चंचुपात्रात पिवळसर द्रव ठेवलेला असतो आणि तो कोणाचा, हे विचारायचे नसते. खरे तर पुष्कळदा तो कोणाचाच नसतो. प्रयोगशाळेतले काका सकाळी पाण्यात ग्लुकोज विरघळवतात, अंड्याचे पांढरे ढवळतात, गरजेप्रमाणे ॲसिटोनचे थेंब टाकतात आणि ‘मधुमेही’ तयार करतात. परीक्षेत अमुक टेबलावर साखर की प्रथिने, हे परीक्षकांच्या आधी काकांना माहीत असते. ते सांगत मात्र नाहीत.

प्रथिनांसाठी परीक्षानळी दोन-तृतीयांश भरायची, बुडाशी धरायची आणि तिरपी करून फक्त वरचा भाग ज्योतीवर तापवायचा. तोंड शेजाऱ्याकडे ठेवायचे नाही, कारण उकळी अचानक उडते. वरचा भाग गढुळला की लगेच हर्षभरित व्हायचे कारण नाही. फॉस्फेटनेही तसेच होते. म्हणून सौम्य ॲसेटिक आम्लाचे दोन-चार थेंब सोडायचे. गढूळपणा विरला तर फॉस्फेट, टिकला तर प्रथिन. खालचा स्वच्छ भाग तुलनेला हाताशीच असतो. एकाच नळीत चाचणी आणि तिचा साक्षीदार ठेवणारी ही रीत फार जुनी आहे आणि अजूनही मला सुंदर वाटते. बेनेडिक्ट चाचणीत ५ मिलि निळ्या द्रावणात लघवीचे ८ थेंब टाकून उकळतात. साखर जितकी जास्त तितका रंग हिरव्या-पिवळ्यावरून केशरी आणि मग विटकरी होत जातो. पित्तक्षारांसाठी पृष्ठभागावर गंधकाची पूड भुरभुरतात. पूड बुडाली की क्षार आहेत. दवाखान्यात या सगळ्याची जागा आता रंग बदलणाऱ्या पट्टीने घेतली आहे. ती अर्ध्या मिनिटात बोलते, पण का बोलली ते सांगत नाही.

रक्त

साहलीची पद्धत हिमोग्लोबिन शिकवायला अजून ठेवलेली आहे. २० मायक्रोलिटर रक्त एन/१० हायड्रोक्लोरिक आम्लात सोडायचे, १० मिनिटे थांबायचे, मग थेंबथेंब ऊर्ध्वपातित पाणी घालून तपकिरी काचेशी रंग जुळवायचा. खिडकीकडे तोंड करून. ढगाळ दिवशी एकाच नळीचे चार विद्यार्थ्यांनी चार आकडे सांगितले तर नवल नाही. यंत्रापुढे ही पद्धत टिकत नाही आणि टिकूही नये. न्यूबॉअर चेंबरमध्ये पांढऱ्या पेशी मोजणे, वेस्टरग्रेनच्या नळीत ईएसआर (लाल पेशी तळाशी बसण्याचा वेग) लावणे, टाइलवर रक्तगट पाहणे हेही त्याच तासांत उरकते. ईएसआरबाबत इथे एक इशारा द्यावा लागतो : उष्ण खोलीत पेशी लवकर बसतात. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांना भिडणाऱ्या चंद्रपूर-वर्ध्यात पंख्याखालचा आकडा हिवाळ्यातल्या आकड्याशी ताडून पाहता येत नाही.

खरा वेळ घेतो तो रक्तलेप, म्हणजे स्मिअर. काचपट्टीच्या एका टोकाला छोटा थेंब, दुसऱ्या पट्टीची गुळगुळीत कड त्याला टेकवून ३० ते ४५ अंशांत धरायची, थेंब कडेने पसरू द्यायचा आणि एका दमात पुढे न्यायचे. हात अडखळला की पट्ट्यावर पट्टे; जोर दिला की सगळ्या पांढऱ्या पेशी शेपटीला. चांगला लेप जिभेच्या आकाराचा येतो. पुस्तकातला कोन सुदृढ माणसाच्या रक्तासाठी आहे. ६ ग्रॅम हिमोग्लोबिनच्या बाईचे रक्त पातळ असते. पसरणारी पट्टी थोडी उभी धरावी लागते, नाहीतर लेप नुसता धूसर येतो. विदर्भातल्या वॉर्डांत अशा बाया रोजच्या असल्याने ही खुबी इथल्या हातांना लवकर बसते.

लेप लीशमन रंगाने रंगवतात : ८-१० थेंब, दोन मिनिटे, मग दुप्पट बफर पाणी आणि साधारण १० मिनिटे. बफरऐवजी बोअरचे जड पाणी वापरले की सगळे निळे पडते. उन्हाळ्यात पट्टीवरचा रंग बघता बघता सुकतो आणि जांभळे कण मागे राहतात. या कणांना मलेरियाचे परजीवी समजून ‘सर, फाल्सिपॅरम!’ म्हणत उठणारा विद्यार्थी दर बॅचला एक असतोच. गडचिरोलीहून आलेल्या रुग्णाच्या लेपात खरे फाल्सिपॅरम दिसते तेव्हा फरक कळतो : एकाच लाल पेशीत दोन-दोन नाजूक कडी आणि मधूनच केळ्याच्या आकाराचे युग्मकजनक, म्हणजे परजीवीची पुनरुत्पादक अवस्था. कण मात्र पेशीच्या बाहेरही सगळीकडे विखुरलेले असतात आणि फोकस फिरवला की वेगळ्या पातळीवर दिसतात.

सिकल

सिकल, म्हणजे लाल पेशींना कोयत्याचा आकार देणारा आनुवंशिक रक्तविकार, हा विदर्भातल्या पॅथोचा गाभा म्हटला तरी चालेल. भारतात सिकल पेशी प्रथम नोंदवल्या गेल्या त्या १९५२ मध्ये, निलगिरीच्या आदिवासींत; मध्य भारतातल्या नोंदी त्याच दशकात आल्या. पूर्व विदर्भात आदिवासी, अनुसूचित जाती आणि काही इतर मागास समाजांत हे जनुक बरेच आढळते. लोक आजाराला नुसते ‘सिकल’ म्हणतात, आणि वाहकाला ‘एएस’, रुग्णाला ‘एसएस’ ही अक्षरे इथल्या खेड्यांतही माहीत आहेत. सिकल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झाली.

प्रात्यक्षिकात दोन चाचण्या हाताने करतात. पहिलीत रक्ताचा थेंब २ टक्के सोडियम मेटाबायसल्फाइटमध्ये मिसळून वर काच ठेवतात, कडा सीलबंद करतात आणि ऑक्सिजन संपण्याची वाट पाहतात. काही वेळाने गोल पेशी कोयत्यासारख्या वाकू लागतात. दुसरी विद्राव्यता चाचणी : डायथायोनाइटच्या द्रावणात थोडे रक्त घालून पाचेक मिनिटांनी नळी रेघा आखलेल्या कागदापुढे धरायची. पलीकडच्या रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळपणात बुडाल्या तर पॉझिटिव्ह. ही चाचणी एएस आणि एसएस वेगळे करीत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी लागते. सहा महिन्यांखालच्या बाळात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन भरपूर असल्याने ती फसवूही शकते. हे दोन मुद्दे व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हमखास विचारतात.

आणखी एक गोष्ट वेळापत्रकात लिहिलेली नसते. विद्यार्थी आपापल्याच बोटाचे रक्त काढतात आणि वर्गातल्या कोणाची तरी नळी गढुळते. रेघा नाहीशा झालेली नळी हातात धरलेली मुलगी आणि सगळ्या बॅचच्या नजरा, हा प्रसंग सांभाळणे शिक्षकाचे काम. शहाणे शिक्षक आधीच ठरवून ठेवतात की संमतीशिवाय कोणी स्वतःचे रक्त वापरायचे नाही आणि निकाल बाकावर मोठ्याने सांगायचा नाही. जोडीदारही वाहक असला तर प्रत्येक गर्भात एसएसची शक्यता २५ टक्के असते आणि या भागात ही माहिती लग्नाच्या बोलणीपर्यंत पोचते.

पाठ्यपुस्तकातला सिकलचा रुग्ण आफ्रिकी वंशाचा असतो : त्याची प्लीहा लहानपणीच सुकून जाते. इथल्या वॉर्डात मात्र १२ वर्षांच्या पोराच्या डाव्या बरगडीखाली ती चांगली हाताला लागते. भारतातल्या जनुकसंचासोबत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जास्त टिकते, हे त्याचे एक कारण मानतात. यावरून इथला सिकल सौम्यच, असे समजणाऱ्यांना विदर्भातल्या बालरोग वॉर्डांनी खोटे ठरवले आहे.

काचपट्ट्या आणि बरण्या

शस्त्रक्रियेतून आलेला तुकडा १० टक्के फॉर्मालिनमध्ये टिकवतात, अल्कोहोलच्या चढत्या पायऱ्यांनी त्यातले पाणी काढतात, झायलीनमधून नेऊन मेणात बसवतात आणि मायक्रोटोमवर ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे काप घेतात. उन्हाळ्यात मेण मऊ पडते आणि काप सुरकुततात. म्हणून कापण्याआधी ठोकळा बर्फावर ठेवतात. बर्फाच्या ट्रेवरून टेक्निशियन आणि शेजारच्या विभागातले तहानलेले लोक यांच्यात कुरबुरी चालतात. काप हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिनने रंगवला की केंद्रके जांभळी, बाकी गुलाबी. म्हणून जर्नलसाठी त्याच दोन रंगांच्या पेन्सिली विकत मिळतात आणि वर्षभर चित्रे दोनच रंगांत निघतात. बरीच चित्रे काचेवरून नव्हे, सीनियरच्या जर्नलवरून उतरतात. तिथल्या चुकाही इमानाने उतरतात.

क्षयाच्या गाठीतला ग्रॅन्युलोमा, चरबीयुक्त यकृत, अपेंडिसायटिस, गर्भाशयाचा फायब्रॉइड या पट्ट्या सगळीकडे सारख्याच. विदर्भाची स्वतःची पट्टी खर्ऱ्याची आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून केलेला खर्रा इथे शाळकरी वयापासून गालात असतो. राज्यात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण पानठेल्यावरचे घोटणे थांबले नाही. आधी श्लेष्मल पडद्याखाली कोलॅजेनचा गुलाबी, एकजीव थर साठतो आणि वरचे आवरण पातळ होते. तोंड उघडत नाही. बाह्यरुग्ण विभागात ‘बोटं घालून दाखवा’ म्हटले की तीनऐवजी एकच बोट जाते. पुढची पट्टी स्क्वॅमस सेल कार्सिनोमाची, म्हणजे तोंडाच्या कर्करोगाची : आवरणातल्या पेशींचे पुंजके खाली घुसलेले आणि त्यांच्या मधोमध कांद्याच्या पाकळ्यांसारखे गुलाबी वेढे. त्यांना केराटिनचे मोती म्हणतात. कमी शक्तीच्या भिंगातही ते दिसतात, त्यामुळे परीक्षेत ही पट्टी आली की विद्यार्थी सुटकेचा श्वास टाकतात. तासाला त्याच रोगाचा माणूस शेजारच्या इमारतीत दाखल असतो. त्याला भेटवून मग पट्टी दाखवणारे शिक्षक थोडे, पण त्यांची शिकवण राहते.

संग्रहालयातल्या बरण्यांना ‘पॉट’ म्हणतात. कैसरलिंगच्या पद्धतीने त्यांचा रंग राखायचा असतो, तरी जुने पॉट शेवटी मातकटच होतात. जायफळासारखे चट्टे पडलेले यकृत, मोहरीएवढ्या दाण्यांनी भरलेले क्षयी फुप्फुस, केस आणि दात असलेली अंडाशयाची गाठ. रोगनिदानासाठी होणारी शवविच्छेदने घटल्याने नवे पॉट क्वचितच येतात आणि फुटलेली बरणी बहुधा तशीच वजा होते.

परीक्षा आणि पुढे

परीक्षेत लघवी, रक्त, पट्ट्या, पॉट आणि व्हायवा. ‘स्पॉट’च्या फेरीत घंटा वाजली की पुढच्या टेबलावर सरकायचे, रांगेतला एक जण अडला की मागचा त्याच्या मानेवर. टेबलागणिक ठरलेल्या निकषांवर गुण देण्याची पद्धत स्कॉटलंडमधल्या डंडी इथे १९७५ मध्ये मांडलेल्या क्लिनिकल परीक्षेवरून आली. बाहेरून येणाऱ्या ‘एक्स्टर्नल’चे आवडते प्रश्न आधीच्या महाविद्यालयातून फोनवर कळतात, हेही परंपरेचाच भाग.

इंटर्नशिपमध्ये यातले काय उरते? प्राथमिक आरोग्य केंद्रातले बरेच नमुने आता ‘महालॅब’ या सरकारी तपासणी योजनेची गाडी घेऊन जाते आणि अहवाल नंतर येतो. साहली, बेनेडिक्ट मागे पडतात. हत्तीरोगाच्या सर्वेक्षणात मात्र रात्रीच रक्त घ्यावे लागते, कारण सूक्ष्म फायलेरिया तेव्हाच परिघीय रक्तात येतात. झोपेतून उठवलेल्या गावकऱ्याचा जाड लेप कोणीतरी हातानेच ओढतो.

आणि पावसाळ्यात, सोयाबीनच्या किंवा धानाच्या बांधीत घोणस चावलेला माणूस आला की गाडीची वाट पाहता येत नाही. दुसऱ्या वर्षी क्लॉटिंग टाइम (रक्त गोठायला लागणारा वेळ) शिकताना ज्याचा कंटाळा केला, तेच इथे लागते. स्वच्छ, कोरडी काचेची नळी घ्यायची. प्लास्टिकची नको आणि साबणाने धुतलेलीही नको, कारण दोन्हींत रक्त गोठायला अडथळा येऊन निकाल फसवतो. शिरेतले २ मिलि ताजे रक्त तिच्यात घालून नळी उभी ठेवायची. २० मिनिटांनी एकदाच हळूच कलती करायची. गठ्ठा जागचा हलला नाही तर तूर्त ठीक, पण चाचणी पुन्हा पुन्हा करून पाहायची असते. रक्त पाण्यासारखे वाहिले तर प्रतिविष सुरू. मध्येच उचलून, हलवून बघायचे नाही. नातेवाइकांनी कितीही विचारले तरी.